डाव्या दिव्याचे अठरा मिलिमीटर

ग्लेनिस प्रिचर्डनं वेल्समधल्या कार्मार्थन गावातल्या निम्म्या नवऱ्या सजवल्या होत्या. चाळीस वर्षं लग्नाचे झगे शिवून तिनं दुकान बंद केलं, त्याच वर्षी तिचा नवरा एमरिस बस आगारातल्या मेकॅनिकच्या नोकरीतून निवृत्त झाला. दोघांनी सुटे भाग मागवले आणि घरामागच्या गॅरेजात स्वतःची मोटार बांधायला घेतली. छोटीशी, दोनच माणसांची, बिनछताची.

पाच वर्षं लागली. सीटा आणि वायरिंग ग्लेनिसनं केलं, बाकी सगळं एमरिसनं. दिवे बसवताना मात्र त्यानं तिला जवळ फिरकू दिलं नाही. "हे काम मेकॅनिकचं आहे," म्हणाला.

मार्चमध्ये सरकारी तपासणीत गाडी नापास झाली. इंजिन, ब्रेक, सगळं पास. पण डावा दिवा उजव्यापेक्षा अठरा मिलिमीटर वर. शेजारचा इडवल कुंपणावर रेलून हसला. "एमरिस, तुझी गाडी डोळा मारते रे!"

एमरिस गुरगुरला. "चार वेळा मापलंय मी!"

"कुठून मापलंस?" ग्लेनिसनं विचारलं.

"बॉनेटच्या कडेपासून. आणखी कुठून?"

ती गॅरेजात गेली. टायरांची हवा सारखी केली, जमीन समतल आहे का ते पाणसळीनं पाहिलं, मग ओळंबा घेऊन गाडीसमोर गुडघे टेकून बसली. फायबरचं ते बॉनेट मुळातच एका बाजूला तिरकं होतं.

"अरे, एकाही नवरीचे दोन्ही खांदे सारखे नसतात," ती म्हणाली. "म्हणून झग्याची खालची कड आम्ही अंगापासून नाही, जमिनीपासून मापतो. तू वाकड्या खांद्यावरून मापलंस, माझ्या राजा!"

एमरिसनं बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "पण आता दिव्यासाठी नवं भोक पाडायचं म्हणजे... चुकलं तर सगळं बॉनेट फुकट."

"कापड कापताना हात थरथरला असता, तर मी चाळीस वर्षं धंदा केला असता का?"

तिनं चॅसिसची मधली रेघ खडूनं जमिनीवर उतरवली. त्या रेघेपासून दोन्हीकडे सारखं अंतर, जमिनीपासून सारखी उंची. पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्ही बाजूंना धरून पाहिला, पुन्हा मापला, पुन्हा धरला. तीन दिवस नुसतं मापणंच चाललं. चौथ्या दिवशी तिनं श्वास रोखला आणि ड्रिल चालवलं. एमरिस पाठ फिरवून उभा होता. जुनं भोक त्यानं नंतर असं बुजवलं, की शोधूनही सापडू नये.

मेमध्ये पुन्हा तपासणी. तपासनीस प्रोबर्ट वाकला, मापलं, कपाळाला आठी घालून पुन्हा मापलं.

"मिसेस प्रिचर्ड, कारखान्यातल्या गाड्याही इतक्या नेमक्या नसतात," तो उठत म्हणाला. "दिवे बसवले कुणी?"

एमरिसनं छाती पुढे काढली. "हिनं! मी तर बघायलाही घाबरत होतो."

प्रोबर्टनं कागदावर सही केली. ग्लेनिसनं तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि एमरिससमोर हात पसरला.

"किल्ली."

"मी चालवणार होतो ना?"

"तू उद्या चालव."

टावी नदीकाठच्या उतारावर वारा इतका घुसला, की तिच्या डोक्याचा निळा रुमाल सुटला आणि मेंढ्यांच्या कुरणात जाऊन पडला. "थांब, थांब!" एमरिस ओरडला.

ग्लेनिस थांबली नाही. मोकळे पांढरे केस उडवत, मोठमोठ्यानं हसत, तिनं पुढचा गिअर टाकला.