ग्लोरियाची शनिवारची मुलं

ग्लोरियाचा अंत्यविधी आम्ही मोबाईलवर पाहिला.

आत मोजक्याच लोकांना परवानगी होती.
आज त्याला एक वर्ष झालं.

इथे नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला, ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. मूळची कोलंबियाची. तिकडे वीस वर्षं बालवाडीत शिकवलं, इथे द हेगमध्ये ऑफिसं साफ करायची.

आणि दर शनिवारी वस्तीतल्या हॉलमध्ये लॅटिन अमेरिकन घरांतली लहान मुलं जमवायची. इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं. त्याआधी तयारी हवी, म्हणून. गाणी, गोष्टी, कात्री धरणं, आपला कोट आपण घालणं.

लॉकडाऊनमध्ये हॉल बंद झाला. मी म्हटलं, आता काही महिने सुट्टी.

"मुलं वाढायची थांबणार आहेत का?" एवढंच विचारून तिनं माझा प्रिंटर मागितला.

झालं, मी अडकले.

ती चित्रं काढायची, मी प्रिंट्स काढायचे. कागद, खडू आणि एक गोष्ट पिशवीत भरून आम्ही सायकलवरून अकरा घरांच्या दारांना अडकवून यायचो. मग ती एकेका घरी व्हिडिओ कॉल करायची. आईलाही शेजारी बसायला लावायची.

साडेतीन वर्षांची व्हॅलेंटिना कॉलवर बोलायचीच नाही. आधी चांगली बडबडी होती.

तिच्या आईला, येसिकाला, कुणीतरी सांगितलं होतं की घरात फक्त डच बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल. येसिकाचं डच जेमतेम. त्यामुळे घरातलं बोलणंच आटलं होतं.

ग्लोरिया मास्क लावून तिच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलली, ते मला परत येताना सांगितलं.

"तुला जी भाषा भरपूर येते, ती तिला दे. डच शाळा शिकवेल."

त्या दिवसापासून मीही माझ्या लेकीशी, इराशी, पुन्हा मराठीत बोलायला लागले. ती डचमध्ये उत्तरं द्यायची. देऊ दे म्हटलं.

हिवाळ्यात ग्लोरियाला कोविड झाला. हॉस्पिटलमधून मेसेज आला: व्हॅलेंटिनाला कोटाची चेन अजून लावता येत नाही, तेवढं बघा.

स्वतःच्या तब्येतीबद्दल एक अक्षरही नाही.

नऊ दिवसांनी ती गेली.

त्या शुक्रवारी येसिकाचा फोन आला. उद्याच्या पिशव्यांचं काय, म्हणाली.

मी म्हटलं, मला स्पॅनिश येत नाही गं.

"मला येतं," ती म्हणाली.

शनिवारी अकराच्या अकरा पिशव्या पोचल्या. कॉल येसिकानं केले. पहिले दोन कॉल ती कागदावरून वाचत बोलली, तिसऱ्या कॉलला व्हॅलेंटिना तिच्या मांडीवर येऊन बसली आणि अर्धी गोष्ट तिनंच सांगून टाकली.

वसंतात ती चार वर्षांची झाली. शाळेच्या पहिल्या दिवशी येसिकानं मला सोबत बोलावलं होतं. कोरोनामुळे आईवडिलांना गेटच्या आत जायला बंदी होती. मुलांनी एकट्यानंच आत जायचं.

यूफनं, म्हणजे बाईंनी, डचमध्ये नाव विचारलं. व्हॅलेंटिनानं खणखणीत सांगितलं. मग मागे वळून आईला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली आणि निघाली.

येसिका तिथेच उभी राहून रडत होती. काय म्हणाली गं, मी विचारलं.

"तू घरी जा. मी आल्यावर तुला सगळं सांगते."

ग्लोरिया, यंदा आपले सहा जण चार वर्षांचे होतील.
तयारी चालू आहे.

शांतपणे झोप, बाई. तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.