चपलांचं लगन

जिल्ह्यातल्या मुलीने सिनेमाचा कॅमेरा हाती घेतला, पुरुषांची मक्तेदारी मोडली, भिंती पाडल्या, अशी भाषणं शेगावच्या सत्कारात माझ्या तोंडावरच झाली. मी शाल सावरत जमेल तेवढी नम्र दिसायचा प्रयत्न करत होते. चेहरा नम्र दिसायला बाजूने येणारा मऊ उजेड लागतो. तिथे नेमकी डोक्यावर ट्यूबलाइट होती, त्यामुळे मी नम्र न दिसता आजारी दिसत असणार.

खरं सांगायचं तर मी एकही भिंत पाडलेली नाही. मी सरळ दारातून आत गेले, आणि तेही त्या दारातून पुरुषांना आत घेत नव्हते म्हणून.

झालं असं, की आमच्या जानेफळात हळदीच्या वेळी नवरीला न्हाऊ घालतात त्या खोलीत परका पुरुष चालत नसे. मेहकरचा व्हिडिओवाला बिचारा बाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि कॅसेटमध्ये हळदच यायची नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कॉलेज सुटलं की त्याच्या स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो कापायचे, आणि त्यातही लोकांचे कान कापायचे. माझ्या सख्ख्या ताईचं लग्न निघालं तेव्हा त्याला युक्ती सुचली. आतलं शूटिंग ही पोरगी करेल! ओसरीवर उभ्या उभ्या त्याने मला सगळी विद्या दिली. "हे बटन दाब, अन् लाल ठिपक्याकडं ध्यान ठेवजो."

लाल ठिपक्याचा अर्थ त्याने सांगितला नाही आणि मी विचारला नाही. विचारायचं काय त्यात? लाल म्हणजे थांबलेलं, एवढं मला शेगावच्या स्टेशनावरचे सिग्नल पाहून ठाऊक होतं. त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावला की मी आधी तो लाल ठिपका घालवायचे आणि मग मोठ्या ऐटीत शूटिंग करायचे. काम झालं की पुन्हा बटण दाबायचे, ठिपका आला याची खात्री करायचे आणि कॅमेरा दाराशी ठेवायचे. हळदीचं पाणी उडू नये म्हणून, चपलांच्या शेजारी.

दोन दिवसांनी व्हिडिओवाल्याने कॅसेट लावली. पडद्यावर चपला, त्यांच्यामागे उंबरा, आणि उंबऱ्यापलीकडे बायकांची पावलं. नवरीचा पत्ता नाही. लाल म्हणजे चालू, हे मला तेव्हा कळलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "काय काढलं वं हे? हे तं चपलांचं लगन आहे!" मी दोन मिनिटं पाहिलं आणि तिथून पळाले. तो कॅसेट पुसणार होता, पण आई जाऊन ती मागून घेऊन आली. लेकीच्या हळदीची कॅसेट पुसत नसतात, म्हणाली.

ताई माहेरपणाला आली तेव्हा तिने पहिला प्रश्न कॅसेटचाच विचारला.  माझ्या तोंडातून निघालं, "बाकी खराब झालं गं, पण तुझ्या डोळ्यांचा एक शॉट आलाय. असा आलाय की बस!" ताईचा चेहरा फुलला. तिने कॅसेट धामणगाव बढ्याला, सासरी नेली आणि पेटीत जपून ठेवली. त्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता, याबद्दल मी गजानन महाराजांचे मनोमन आभार मानले.

पुढे मी मुंबईला गेले. बरीच वर्षं फोकस लावण्यासाठी कॅमेऱ्यापासून नटाच्या नाकापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. नवा माणूस सेटवर आला की मला मेकअपची खोली दाखवायचा. यथावकाश स्वतःचे सिनेमे मिळाले, आणि मुलाखतवाले विचारू लागले की तुमचा पहिला शॉट कुठला. मी ताईला मारलेली तीच थाप त्यांनाही मारली. हळदीत भिजलेल्या नवरीचे डोळे. इतक्या वेळा मारली की पुढे पुढे मी त्या शॉटचा उजेडही समजावून सांगू लागले. डावीकडे खिडकी होती, म्हणायचे. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

ताईने माझा प्रत्येक सिनेमा पाहिला. पाहून झाला की एकच अभिप्राय द्यायची, "चांगला आहे. पण माह्या डोयावानी काही जमलं नाही तुले."

तर त्या सत्कारातही मी शेवटी डोळ्यांची गोष्ट सांगितली. निवेदक हळहळला, ती कॅसेट आज असती तर! तिसऱ्या रांगेतून ताई उभी राहिली. "आहे ना. माह्या पेटीत आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आजारी दिसत होतेच, आता खरोखरच झाले.

दुसऱ्याच आठवड्यात तिने खामगावला जाऊन कॅसेट पेनड्राइव्हवर करून आणली आणि मला बोलावणं धाडलं. एवढ्या वर्षांत फीत बुरशीने खराब झाली असेल, अशी मला शेवटची आशा होती. पण आमच्याकडच्या कोरड्या हवेत बुरशीचं काही चालत नाही. मी पोचले तर ताई ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसलेली. केस पांढरे झालेत, गुडघे बोलतात, आणि तिला आपले विशीतले डोळे पाहायचे होते. मला स्वतःची शरम वाटली.

चपला आल्या. पावलं आली. ताई खूशच झाली. "हे मोठी मामी, टाच पाह्य तिची! हे काकू, जोडवं एकच आहे पाह्य, दुसरं हरपलं होतं." तिने पावलांवरून सगळं गणगोत ओळखलं. निम्मी माणसं आता नाहीत. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "माहे डोये कधी येतात?"

"येत नाहीत, ताई," मी म्हणाले. "नाहीतच. मी खोटं बोलले होते."

ती माझ्याकडे वळली. "अन् थो उजेड?"

"तोही."

"मी साऱ्या गावाले सांगत आली," ती म्हणाली. मग रिमोट शोधायला लागली, बंद करायला. तो तिला मांडीपाशीच सापडला. एवढी मोठी बाई मी, पण पाया पडावं की पळून जावं, मला कळेना.

तेवढ्यात टीव्हीतून मामीचा आवाज आला. "पोरीच्या हाती काऊन देलं थे मशीन? मोडून ठेवीन ना."

आणि आमची आई म्हणाली, "मोडलं तं मोडलं. काम करून राह्यली थे. तिले बोलू नोका कोणी."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. ताईचा हात रिमोटवर तसाच राहिला. पडद्यावर दोन ओली पावलं चपलांपाशी येऊन थांबली. कुणीतरी पाणी उडवलं असणार, कारण कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब दिसत होते. मग आई खाली वाकली आणि पदराने काच पुसू लागली. पदर हळदीने माखलेला, त्यामुळे सगळं पिवळं झालं. त्या पिवळ्यात तिचा चेहरा एवढा जवळ आला की नाक-डोळे वेगळे ओळखू येईनात. माझ्या सहाय्यकाने असा शॉट काढला असता तर मी त्याला सेटवरून घालवलं असतं.

"मांगं घे," ताई म्हणाली.

मी मागे घेतलं. आई पुन्हा वाकली. ताईने माझा हात धरला आणि पुन्हा म्हणाली, "मांगं घे." कितीदा मागे घेतलं, कोण जाणे. कॅमेरा बंद आहे असं समजून मी आत मिरवत होते, आणि माझं काम नीट व्हावं म्हणून आई दाराशी वाकून काच पुसत होती. मला ते पाहायला इतकी वर्षं भीती वाटत होती.