मारुतीच्या स्क्रीनवरचं लाल बटण

मेघनाला वाईट बोलता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. पहिल्या गुणावर तिचं घर चाललं. दुसऱ्याने मागच्या मे महिन्यात तिचा जीव घशाशी आणला.

ती चिपळूणची. ठाण्यात डिप्लोमा केला, मुंब्र्यापलीकडच्या मानपाड्याला सून होऊन आली, आणि बावीस वर्षं झाली, ठाण्याच्या खोपटला एसटी डेपोजवळ, जिना चढून गेलं की तीन टेबलांचं ऑफिस आहे, तिथे बसून कारखान्यांच्या स्क्रीन बनवते. कारखान्यात रसायन शिजवायची माणसाहून उंच भांडी असतात. पूर्वी माणूस लोखंडी चाक फिरवून त्यांना तापवायची वाफ सोडायचा, बंद करायचा. आता काचेवर बटणं दिसतात, बोट लावायचं. नवरा साकेत पुण्याला नोकरीला, शनिवारी उगवतो. घरी सासू सुहासिनी, शिक्षण चौथी, तीही अर्धी, कारण पुढच्या अर्ध्या वर्षात भाऊ झाला आणि त्याला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं.

घरापासून दहा मिनिटांवर रंगाचा कारखाना आहे. तिथला मारुती तिचं जुनं गिऱ्हाईक. वय पंचावन्न, चष्मा जाड, इंग्रजीशी वाकडं. मेघना कधीही गेली की त्याचं एकच.

"ताई, अक्षर मोठं करा की जरा. आणि मराठीत. वाफ कुठली नि पाणी कुठलं, मी नुसत्या रंगावरनं ओळखतो."

"करते हो, मारुतीभाऊ."

म्हणायची, पण करणार कशी? स्क्रीन प्रोग्रामच्या पोटात शिवलेली असायची. एक अक्षर हलवायचं तरी सगळा प्रोग्राम ठाण्यात पुन्हा बांधायचा, कारखाना अर्धा दिवस बंद ठेवून चढवायचा. मालकाला ते परवडेना. मारुती डोळे बारीक करत राहिला.

शेवटी मेघनाने स्क्रीन प्रोग्राममधून उसवून बाहेरच काढली. कुठलं बटण कुठे, केवढं, त्यावर काय लिहायचं, हे सगळं एका साध्या फाइलमध्ये. स्क्रीन उघडताना प्रोग्राम ती फाइल वाचतो आणि तिथल्या तिथे बटणं मांडतो. बदल हवा तर फाइल बदला, प्रोग्रामला हात लावू नका. हे ती पोळ्या लाटता लाटता सासूला सांगत होती.

"म्हणजे आधी सकाळी डबा भरून द्यायचीस, आता पंगतीत वाढतेस," सासू म्हणाली.

"अगदी तसंच, आई."

"छान. पण डबा भरताना खडा असला तर आपल्या हाताला लागतो. पंगतीत तो पाहुण्याच्या दाताखाली येतो. तेवढं बघ."

मेघना हसली. तेव्हाच थोडं कमी हसायला हवं होतं.

गोम अशी होती, की फाइलमध्ये बटणाचं नुसतं रूप असतं. ते दाबल्यावर काय करायचं, ते प्रोग्रामकडे. म्हणून फाइल वाचून झाली की प्रोग्राम एकेक बटण त्याच्या आतल्या नावाने शोधतो आणि त्याला त्याचं काम बांधून देतो. नाव सापडलं नाही की सगळं अडून बसायचं. दाखवायच्या आदल्या दिवशी असं चारदा अडलं. ऑफिसचा साहेब सुदेश डोक्याशी उभा.

"अगं, उद्या गिऱ्हाईक येतंय. हे अडणं थांबव बाई, मग नंतर काय ते बघ."

नाही म्हणता येत नाही. तिने एक ओळ लिहिली: बटण सापडलं नाही तर गप्प पुढे जा. नंतर काढू म्हणाली. तात्पुरतं घातलेलं ठिगळ कुणी नंतर काढलंय?

मराठी अक्षरं आली तेव्हा मारुतीने कारखान्यात पेढे वाटले. मग म्हणाला, ताई, ते वाफ बंद करायचं बटणही मोठं करा, घाईत बोट चुकतं. मेघनाने दुसऱ्या एका स्क्रीनवरचं चांगलं तळहाताएवढं लाल बटण उचलून आणलं, वर लिहिलं 'वाफ बंद', आणि एका बुधवारी कामावर जाताना नव्या फाइलचा पेनड्राइव्ह कारखान्याच्या गेटवर दिला.

त्याच दिवशी साडेबारा वाजता ऑफिसात डबा खाताना तिने सहज आपल्या टेबलावरच्या स्क्रीनवर ते बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही. घास तोंडातच राहिला. बटण इकडे आणलं, पण त्याचं आतलं नाव तिकडचंच राहिलं होतं. प्रोग्रामने इकडच्या नावाने हाक मारली, ओ आली नाही, आणि शिकवल्याप्रमाणे तो गप्प पुढे गेला. पूर्वी असतं तर ठाण्यात बांधतानाच यंत्राने तिचा कान पकडला असता.

मारुतीने अकराला वाफ सोडलेली असणार. दीडला बंद करायची. नाही केली तर आतला माल स्वतःच तापत जातो, मग त्याला कुणी थांबवू शकत नाही. पुढचं मानपाड्यात कुणाला सांगावं लागत नाही, तिथे स्फोटाने खिडक्या इतक्यांदा फुटल्यात, की काचवाल्याचा नंबर घराघरात असतो.

तिने मारुतीला फोन लावला. वाजत राहिला. आत फोन न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन गेटवरच्या खणात. सुपरवायझरचाही तिथेच वाजला. गेटचा फोन लागेना. कारखान्याचा कॉम्प्युटर बाहेरच्या कशालाच जोडलेला नाही, म्हणजे इथून फाइल पाठवायचीही सोय नाही. सुदेश सुरतेला. ती जिना उतरली, रिक्षा पकडली, म्हणाली मानपाडा, आणि मुंब्रा बायपासला ट्रकांच्या रांगेत अडकली. एक वाजून पाच मिनिटं.

तिने घरी फोन लावला.

"आई, रंगाच्या कारखान्यात जाल? आत्ता. गॅस बंद करा आणि निघा. फोन चालूच ठेवा."

सासूने कारण विचारलं नाही. चपलांचा आवाज आला, मग रिक्षाचा. वाटेत मेघनाने तिला निरोप सांगितला, दोनदा. म्हातारीने एकदाच "समजलं" म्हटलं. मग गेटवरच्या सखारामचा आवाज आला.

"आजी, पास?"

"पास नाही. निरोप आहे."

"द्या की मग. साहेब जेवून आले की सांगतो."

"ते जेवून येईपर्यंत तू नि मी इथे असू का, ते आधी विचार. हे बघ. आतल्या मारुतीला सांग, स्क्रीनवरचं लाल बटण नुसतं चित्र आहे. दाबून काही होणार नाही. भांड्यामागचं जुनं लोखंडी चाक हाताने फिरव म्हणावं. कोण म्हणतं विचारलं तर सांग, जिने बटण केलं तीच म्हणते."

बूट पळत गेल्याचा आवाज आला. एक वाजून अठ्ठावीस. आणि तेव्हा मेघनाच्या लक्षात आलं की बहात्तर वर्षांच्या म्हातारीला तिने नेमकं कुठे पाठवलंय.

"आई, तिथून निघा. घरी नको, लांब जा कुठेतरी."

"या गुडघ्यांनी किती लांब जाऊ? सखारामचं स्टूल आहे, बसते."

"आई, ऐका माझं."

"तू रिक्षातून पडू नकोस म्हणजे झालं."

फोनमध्ये गेटवरच्या पंख्याची कटकट आणि म्हातारीचा श्वास. रिक्षावाला म्हणाला, ताई, रडू नका, सुटेल ट्रॅफिक. मेघना फोनच्या काचेवरचं घड्याळ बघत होती. दीड. एक एकतीस. एक चौतीस. पुढचा ट्रक इंचभर हलला आणि पुन्हा थांबला. देवाचं नाव घ्यायचंही तिला सुचेना, कारण मागायचं काय? चूक देवाची नव्हती. एक चाळीसला फोनमध्ये बूट वाजले.

"बंद झाली, आजी. चाक गंजलेलं, हलत नव्हतं. मारुतीभाऊने सदरा गुंडाळून फिरवलं. हात गेले त्याचे."

"गेले?" मेघना रिक्षात ओरडली.

"भाजले म्हणतोय तो," सासू म्हणाली. "जिवंत आहे. ये तू."

दवाखान्यात मारुतीचे दोन्ही तळवे पांढऱ्या गुंडाळीत होते. मेघनाने सगळं सांगितलं, ती ओळसुद्धा. तो म्हणाला,

"सखाराम येईपर्यंत पाच वेळा दाबलं मी. वाटलं, माझंच बोट चुकतंय. ताईंनी आपल्यासाठी एवढं मोठं केलंय, ते कसं चालणार नाही?"

यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिने ती ओळ काढली. आता स्क्रीन उघडण्याआधी प्रोग्राम सगळ्या बटणांची हजेरी घेतो, आणि एकाने जरी ओ दिली नाही तरी स्क्रीन उघडतच नाही. सुदेश म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकासमोर अडेल." ती म्हणाली, "अडू दे." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तिच्याकडून असं ऐकायला मिळालं.

दोन महिन्यांनी मारुती कामावर आला. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. भांड्यात नुसतं पाणी भरून मेघनाने त्याला बटण दाबायला सांगितलं. त्याने बोटाच्या पेराने दाबलं. वाफ बंद झाली, स्क्रीनवर तसं मोठ्या मराठी अक्षरांत आलं. त्याने ते वाचलं, मान हलवली. मग तिच्याकडे न बघता भांड्यामागे गेला आणि नव्याने तेल दिलेलं ते चाक एकदा पूर्ण फिरवून पाहून आला.