मामा बटण विसरला तेव्हा

आमचा मामा सभांना माइक आणि स्पीकर पुरवतो. वक्ता परंपरावाला असो की पुरोगामी, दोघेही माइकवर थुंकी उडवतात आणि ती पुसायची मामानेच. त्याचा नियम एकच: भाषण संपलं की लगेच बटण बंद. कारण त्यानंतर वक्ते खरं बोलायला लागतात.

परवा दोन्हीकडचे पुढारी वादासाठी एकाच मंचावर आले. तासभर त्यांनी एकमेकांची सालटी काढली. खाली श्रोत्यांनी खुर्च्या उचलल्या. दोन सख्ख्या भावांनी तर एकमेकांची गचांडी धरली. या धिंगाण्यात मामा बटण बंद करायला विसरला.

स्पीकरमधून पुरोगामी पुढाऱ्याचा आवाज आला, "काय पेटवलंस रे पब्लिक!"

"तू तूप ओतलंस म्हणून," परंपरावाला पुढारी खिदळला. "चल आता घरी जेवायला, तुझी वहिनी वाट बघतेय."

खुर्च्या हवेतच राहिल्या. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोन्ही बाजूंचे श्रोते एका सुरात मामावर खेकसले, "अरे ए, तो माइक बंद कर आधी!"

मामाने मुकाट्याने बटण दाबलं. मारामारी जिथे थांबली होती, तिथून पुढे सुरू झाली.