आवाजाची उंची

अंजनीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या मांडीवर प्लास्टिकचा डबा होता आणि शेजारी तिचे वडील बसले होते. अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत मी स्पीच थेरपीचं काम करते. ज्यांची वाचा गेली आहे किंवा जायला लागली आहे अशी माणसं माझ्याकडे येतात. बरोबर फायली आणतात, तपासण्यांचे कागद आणतात. अंजनीने आणलेल्या डब्यात सर्किटची एक हिरवी पाटी होती आणि तिच्यावर बोटाएवढी, दहा इवल्या दिव्यांची पट्टी.

"मॅडम, हे बघा," म्हणत तिने बॅटरी जोडली आणि वडिलांना म्हणाली, "आबा, नाव सांगा मॅडमना."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. पट्टीतले खालचे दोन दिवे लागले आणि विझले. मग ती मला म्हणाली, "आता तुम्ही बोला." मी काहीतरी बोलले. दिवे सरसर सहापर्यंत चढले.

"हे मला कळलं कसं ते सांगते," ती म्हणाली. पुढच्या तीन वर्षांत थोडं थोडं करत तिने मला बरंच काही सांगितलं.

अंजनी पालेगावची. लग्न होऊन बुवापाड्यात आली. अठराव्या वर्षी ती स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली, सोल्डरिंगच्या लाइनवर. बायकांची लांबलचक रांग, प्रत्येकीपुढे दिवा आणि कथलाचा निळसर धूर. त्या धुराकडे बघत असताना वेळ कुठे जायचा कळायचं नाही, असं ती सांगायची. शिक्षण नववीपर्यंत, पण सर्किटचा नकाशा ती गावाचा रस्ता वाचावा तसा वाचायची. पुढे कारखाना बंद पडला. एका मैत्रिणीने तिला उल्हासनगरात मुकेश सेठकडे नेलं.

मुकेश सेठ इलेक्ट्रॉनिक्सचे किट विकायचे. हौशी लोक आणि कॉलेजची मुलं ते विकत घेऊन घरी जोडतात. सगळ्यात जास्त खपायचा तो दिव्यांच्या पट्टीचा किट. पिशवीत एक पाटी, एक काळी चिप, मूठभर सुटे भाग, चण्याएवढा माइक आणि ती पट्टी. सगळं नीट जोडलं की जवळ आवाज झाल्याबरोबर दिवे चढतात, आवाज थांबला की उतरतात. अंजनी पिशव्या भरायची आणि न चालणारे परत आलेले किट दुरुस्त करायची. बहुतेकांची चूक एकच असायची, पट्टी उलटी बसवलेली. पट्टीचा एक कोपरा जरासा छाटलेला असतो, त्यावरून दिशा ओळखायची. तो कुणी पाहतच नाही.

दुरुस्त झालेला किट ती घरी आणून दिवसभर खिडकीत चालू ठेवायची, पुन्हा बिघडतो का ते बघायला. आणि स्वतः बघत बसायची. दुपारी चाळीत सामसूम असते. कबुतर फडफडलं की तीन दिवे. समोरच्या बाईने बादली ठेवली की पाच. कुकरची शिट्टी थेट दहा. लांबून येणारी रिक्षा एकेक पायरी चढायची आणि एकेक पायरी उतरत नाहीशी व्हायची. हळूहळू अंजनीच्या डोक्यात प्रत्येक आवाजाला उंची आली. एकदा मला म्हणाली, "मॅडम, मला स्वप्नं पण तशीच पडतात. माणसं दिसत नाहीत, नुसते उजेड चढतात-उतरतात, आणि मला माहीत असतं कोण बोलतंय."

तिचे आईवडील, विठा आणि रघु, पालेगावातच राहायचे, चौथ्या मजल्यावर. ती इमारत त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला होता. रघुआबा दिवसभर बाल्कनीत बसून खाली बघायचे. पार्किंगच्या जागी त्यांना अजून बांध दिसायचे. "आपन हवेत रातो," ते म्हणायचे. "शेत खाली हाय, आपन वर तरंगतोय."

दोन वर्षांपासून त्या घरात बोलणं आटलं होतं. विठामावशींची तक्रार, की नवरा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, बहुधा शिव्या देतो. आबांची तक्रार, की बायको हाक मारली तरी बघत नाही. दोघं दोन खोल्यांत बसायची. अंजनीला वाटायचं, म्हातारपणी माणसं अशीच फुरंगटून बसतात.

एका रविवारी ती माहेरी आली तेव्हा पिशवीत एक दुरुस्त केलेला किट होता. सवयीने तिने तो टीव्हीशेजारी चालू करून ठेवला. जेवताना तिचं लक्ष गेलं. आई बोलली की सहा दिवे, टीव्हीचे पाच, तिचे स्वतःचे सहा. आबांनी भात मागितला तेव्हा दोन. तिला वाटलं किटमध्येच काहीतरी राहिलं. तिने बॅटरी बदलली. आबांच्या जागी स्वतः बसून बोलली, तर सहाच. आबांना आपल्या जागी बसवलं, तर दोनच.

"आबा, जोरात बोला ना."

"वरडतोय ना मी," आबा म्हणाले. दोन दिवे.

"अजून जोरात."

"किती वरडू? माजा आवाज बरा हाय. तुमीच सगली बहिरी झालाव." यावेळी तिसरा दिवा क्षणभर लुकलुकला.

आबा त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा काहीतरी म्हटलं, फक्त दिव्यांना उद्देशून. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा मांडीवर हलत होता. तो बरेच महिने तसा हलतोय हे अंजनीच्या त्याच दिवशी ध्यानात आलं.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला आणि आवाजासाठी माझ्याकडे पाठवलं. मी अंजनीला आणि आबांना समजावलं, की या आजारात मेंदूतलं आवाजाचं माप आखूड होतं. माणूस कुजबुजत असतो आणि त्याला वाटतं आपण ओरडतोय. गळा शाबूत असतो. त्याला फक्त रोज आठवण द्यावी लागते, की अजून मोठ्याने.

माझ्या खोलीत आबा छान करायचे. लांब "आऽऽ" लावायचे, पाच दिवे गाठायचे. घरी गेले की दोनावर. अंजनी तक्रार न करता डबा उघडून बसायची. आधी तिच्या लक्षात आलं की दिवे इतके झरझर पडतात की म्हाताऱ्या डोळ्यांना ते पकडताच येत नाहीत. तिने वीज साठवून हळूहळू सोडणारा एक मोठा कपॅसिटर घातला. आता दिवे चढायचे तसेच, पण उतरताना पीस खाली यावं तसे सावकाश यायचे. ते बघताना मीसुद्धा बोलायचं विसरायची.

तरी आबा पाचाच्या वर जाईनात. एक दिवस तिने सरळ विचारलं, "आबा, पाचावर थांबता का?"

"वर लाल हाय ना. लाल लागायच्या आदीच थांबायचं."

बाजारात मिळणाऱ्या पट्टीत खाली हिरवे, मध्ये पिवळे आणि वर लाल दिवे असतात. फार मोठा आवाज म्हणजे धोका, असा त्याचा अर्थ. आबांनी तो मुकाट मानला होता. अंजनीने पट्टी काढून टाकली आणि दहा सुटे दिवे ओळीने बसवले. खाली लाल, वर हिरवे.

मुकेश सेठनी ते पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "अंजनीताई, ये तो उलटा हो गया. लाल वर पाहिजे, सब लोग वैसाच मांगते."

"गाण्याच्या मशीनला लाल वर, सेठ. माझ्या आबांना वर जायचंय."

सेठ जरा वेळ ती पाटी हातात फिरवत राहिले. मग आतून एक चांगला माइक काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "ये लगाओ. वो सस्तावाला दूर का नहीं पकडता."

सरावासाठी मी आबांना शब्दांची यादी दिली होती. कमळ, सडक, वाटी. त्यांना ती आवडली नाही. एका संध्याकाळी अंजनी पालेगावला पोहोचली तेव्हा आबा बाल्कनीत डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि खालच्या खाचरांची नावं घेत होते. "जांभलीची चोल. कुंडाची. वाकडी. सासूची पट्टी." आता ही नावं कुठल्याच कागदावर नाहीत. एकेक नाव घेताना दिवे चढत होते. सासूच्या पट्टीला सातवा लागला, हिरवा. समोरच्या इमारतीवर ऊन पिवळं झालं होतं. खाली गाड्या उभ्या होत्या, आणि अंजनी सांगते, तिला त्या क्षणी गाड्यांमधून पाणी वाहताना दिसलं.

आतून विठामावशी म्हणाल्या, "सासूची पट्टी नव्हं, मामीची. ती माज्या मामीनं दिलेली."

आबा वळले. "आयकू आलं तुला?"

"आलं की."

"दोन वरसं बोलत नव्हतीस."

विठामावशी हात पुसत दारात आल्या. "तुमीच पुटपुटत होताव. मला वाटलं शिव्या देताव. म्हून मी आत बसायचे."

"शिव्या कशाला देऊ? चा मागत होतो."

मावशींनी चहा टाकला, बाल्कनीत आणला आणि तिथेच दुसरी खुर्ची ओढून बसल्या. अंजनी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं, आणि ते तिने दिव्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू आवरलं.

त्यानंतरची दीड वर्षं चांगली गेली. आबा सातापर्यंत जायचे, कधी आठ. फोनवर पाहुण्यांशी बोलायचे. मग आजाराने आपलं काम केलं. सहा, पाच, चार. विठामावशींची खुर्ची तशी जवळ येत गेली. शेवटच्या मार्गशीर्षात आबा पलंगावर होते आणि बोलणं पुरतं थांबलं होतं. डब्यातला एकही दिवा लागत नव्हता. अंजनीने तो उचलून न्यायचं ठरवलं, तर मावशींनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. बगत ऱ्हातात त्याच्याकडं."

तेव्हा तिने बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, माइकची ताकद जितकी वाढेल तितकी वाढवली आणि डबा आबांच्या उशाशी ठेवला. खोलीत कुणी हललं नाही. थोड्या वेळाने पहिला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आबांचा श्वास होता तो.

मावशी त्या दिव्याशी बोलायच्या. शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, आज माठाची भाजी केली, असं काहीबाही. बोलून थांबायच्या. तेवढ्यात दिवा लागायचा आणि त्या पुढे बोलायच्या. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी सकाळी मावशींनी स्वतःच बॅटरी काढली, डबा फडक्यात गुंडाळून ठेवला आणि मग अंजनीला फोन केला.

महिन्याभराने अंजनी माझ्याकडे आली. मला वाटलं भेटायला आली असेल, तर तिने पिशवीतून तसेच दोन डबे काढले. "सेठनी पाट्या दिल्यात. तुमच्याकडे कुणाला लागतील म्हणून केले." आज माझ्या पेशंटांकडे तिने केलेले नऊ डबे आहेत. सोबत तिने मराठीत लिहिलेला एक कागद असतो, मोठ्या अक्षरात. त्यातलं एक वाक्य मी तसंच्या तसं ठेवलं आहे: दिवा लागला नाही तर माणसावर रागवू नका, आधी बॅटरी बघा.

परवा एका निवृत्त मास्तरांसाठी मी तिला दहावा डबा मागितला. फोनवर मागे उल्हासनगरच्या बाजाराचा गलका होता. तिने फक्त एवढंच विचारलं, "मास्तर खुर्चीत बसून बोलतात की पलंगावर? माइक त्या बाजूला लावते."