बाटलीतलं उरलेलं पाणी

झुलेखा ट्रेन्ड शिक्षिका नव्हती. कुवेतमधल्या मिरकाबच्या त्या तीन खोल्यांच्या शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते तोंडावर बोलून दाखवत नसे. पण वर्षाच्या सुरुवातीला वर्ग वाटून देताना तिच्या वाट्याला दरवेळी बालवर्ग आणि शिवणकाम यायचं, तेव्हा ते न बोलताही बोललं जायचं.

दाभोळला असताना ती सातवीची फायनल पास झाली होती. रत्नागिरीला ट्रेनिंगच्या यादीत नावही लागलं होतं. त्याच सुमारास अशरफचं स्थळ आलं. मुलगा कुवेतला, बंदरावर कायमच्या नोकरीत. वडील म्हणाले, "ट्रेनिंग काय, मागाहून पण होईल." मग त्रेपन्न-चोपन्नच्या त्या दिवसांत ती बोटीने इकडे आली. नवरा सकाळी शुवैख बंदरातल्या गोदामात जायचा तो संध्याकाळी अंगावर सिमेंटची भुकटी घेऊन परतायचा. मूल झालं नाही. तिसऱ्या वर्षी तिने शाळेत विचारलं आणि तिला घेतलं, म्हणजे घेतलं असं म्हणायचं, कारण अनट्रेन्ड बाईला तेव्हा कुठलीही शाळा सोयीपुरतीच घेत असे.

एका ऑक्टोबरात हेडबाईंनी तिला खोलीत बोलावलं. फखरुन्निसा आपा म्हणजे कडक कांजीची ओढणी आणि त्याहून कडक जीभ.

"बस. सरकारी प्रायोगिक शेताकडून निरोप आलाय. शाळाशाळांतून बागा करायच्या म्हणे. बी, रोपं, खतमाती, वाऱ्याला आडोसा करायच्या चटया, खारं पाणी, सगळं ते देणार. आपण एक शिक्षिका द्यायची. दर गुरुवारी दुपारी तिकडे जाऊन शिकून यायचं."

"सुगराबाई जातील ना?"

"सुगराला मातीने पुरळ येतं म्हणे. नखांना रंग लावला की मात्र येत नाही." आपा हसल्या नाहीत. "पुढचं ऐक. उन्हाळ्याच्या तोंडाला ते बागा बघायला येणार. ज्यांच्या उभ्या असतील, त्यांतल्या दोघींना वर्षभर नीट शिकवून सर्टिफिकेट देणार. ते तुझ्या हातात आलं, तर तुला वरच्या वर्गांवर घ्यायला कमिटी मला अडवू शकणार नाही. कळलं?"

झुलेखाला कळलं होतं. त्या दिवशी घरी जाताना तिने उगाचच लांबचा रस्ता धरला.

गुरुवारची दुपार हा मग तिच्या आठवड्याचा कणा झाला. शहराबाहेर वेताच्या छपराखाली बाकं मांडलेली असत. इराकी, मिसरी, लेबनानी, नाना शाळांच्या बाया तिथे बसत. शिकवायला उस्ताद यूसुफ होते. मूळचे याफा शहराचे, संत्र्यांच्या बागेत वाढलेले. बाग तिकडेच राहिली, माणूस इकडे आला, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. ते मोडक्या इंग्रजीत बोलत, ही मोडक्या इंग्रजीत ऐकत असे, आणि दोघांचं बरं जमे. तिला सगळं उलटं शिकावं लागलं. दाभोळला वाफा उंच करायचा, पाणी निघून जावं म्हणून. इथे तो खोल करायचा, पाणी राहावं म्हणून. तिकडे रोपाला ऊन मिळावं म्हणून धडपड, इकडे सावली मिळावी म्हणून. पाण्याबद्दल उस्ताद फार काटेकोर होते.

"खारं पाणी आम्ही टँकरने पोचवू. पण नुसतं खारं घालायचं नाही. दोन भाग खारं, एक भाग गोडं. गोडं कमी पडलं की पानांच्या कडा जळतील. मग मला दोष द्यायचा नाही."

गोड्या पाण्याचं नाव काढताच आपांनी हात वर केले. शाळेची टाकी पोरांच्या पिण्यालाच पुरत नव्हती. "टाकीतला थेंब मिळणार नाही. आधीच सांगून ठेवते."

तेव्हा झुलेखाला आईची आठवण झाली. आई तांब्यात उरलेलं पाणी कधी अंगणात भिरकावत नसे. ते कशाच्या तरी मुळाशी जायचं, मग ते केळ असो की जास्वंद. पोरं घरून पाण्याच्या बाटल्या आणत. काचेच्या, वरून कापडाची खोळ शिवलेली. शाळा सुटताना त्यांत थोडंफार उरलेलं असेच. तिने नियम केला. घंटा झाली की रांगेने बागेत यायचं आणि आपलं उरलेलं पाणी आपल्या रोपाला घालायचं.

शाळेच्या मागच्या भिंतीलगत सहा वाफे झाले. टोमॅटो, मुळा, कोथिंबीर. चटईच्या आडोशाला मोठ्या पानांची भाजी. भिंतीवर काथ्या ताणून तिने पडवळाचे वेल चढवले. बी गावाहून आलं होतं, राखेत घोळवून पुरचुंडीत बांधलेलं. ती पुरचुंडी बघून अशरफ म्हणाला होता, "पडवळाला पासपोर्ट काढलास काय गो? नायतर कस्टमवाले माझ्या गोदामात आणून टाकतील."

"टाकले तर टाकले. तिथे सिमेंटपेक्षा बरं काही उगवेल."

पोरांचा उत्साह टिकावा म्हणून तिने आणखी एक गोष्ट केली. ज्याच्या बाटलीतून जास्त पाणी मिळेल, त्याच्या नावापुढे फळ्यावर खडूची चांदणी. एवढंच. तिला ते तेव्हा फार सुंदर सुचल्यासारखं वाटलं होतं.

लैलाच्या नावापुढे त्याआधी कधी चांदणी आली नव्हती. कासम इस्त्रीवाल्याची ही मुलगी आठ वर्षांची झाली तरी अक्षरं उलटी काढायची आणि वाचायला उठवलं की खिडकीबाहेर बघत राहायची. पण भिंतीवरचा तिसरा वेल तिचा होता आणि त्या वेलाजवळ ती वेगळीच पोर होती. कुणी हात लावला की म्हणायची, "डोन्ट टच. टीचर, ह्याला सांगा ना." पहिलं पडवळ बोटभर झालं तेव्हा झुलेखाने तिला टोकाला दोरीने खडा बांधायला शिकवलं, म्हणजे फळ वेडंवाकडं न होता सरळ खाली वाढतं. लैलाने तो खडा निवडायला अख्खी मधली सुट्टी घातली.

मार्चपासून तिच्या नावापुढे चांदण्या येऊ लागल्या. एप्रिलमध्ये दुसऱ्या कुणाला मिळेनाशा झाल्या. ऊन वाढलं तशा बाकीच्या पोरांच्या बाटल्या मधल्या सुट्टीतच रिकाम्या होत, आणि लैलाची मात्र गळ्यापर्यंत भरलेली.

झुलेखाने ते पाहिलं. पाहिलं नाही असं स्वतःला सांगायचा प्रयत्न तिने पुढे पुष्कळदा केला, पण पाहिलं होतं. पोरीचे ओठ सुकून पांढरे पडलेले, जीभ सारखी त्यांवरून फिरतेय.

"प्यायलीस ना गो पाणी?"

"हो, टीचर."

बाटली झुलेखाच्या हातात होती. बूच काढताना पाणी बाहेर डुचमळलं. तपासणी पुढच्या मंगळवारी होती. टोमॅटोच्या पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. फक्त पडवळ हिरवंगार होतं. झुलेखाने आत जाऊन फळ्यावर चांदणी काढली.

दोन दिवसांनी शेवटच्या तासाला लैला बाकावरून घसरून खाली पडली. डोळे उघडे, अंग कोरडं, तापलेल्या तव्यासारखं. आपांनी कुणाची तरी गाडी थांबवली आणि पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाताला सुई लावून बाटली टांगली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले.

तिची आई आमिना बुरख्याच्या टोकाने वारा घालत उशाशी बसली होती. झुलेखाला बघून ती उठली आणि तिनेच हिला बसायला जागा दिली.

"घरी आली की मडक्याला तोंड लावायची, बाई. मी म्हणायची, उन्हाचं असेल. बापावर गेलीय. तो पण गिऱ्हाईक आलं की जेवायचं विसरतो. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

आमिना रागावली असती तर बरं झालं असतं. झुलेखा हातातली पिशवी मांडीवर धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने आपांना सांगितलं, आजपासून पोरांचं पाणी बागेत जाणार नाही.

"बरोबर आहे," आपा म्हणाल्या. "पण मंगळवार पाच दिवसांवर आलाय." त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "सकाळी सातला मी हजेऱ्या बघत बसते. तेव्हा टाकीकडे माझी पाठ असते. बादलीभर गेलं तर मला कळणार नाही."

फखरुन्निसा आपांच्या तोंडून असलं काही ऐकायला मिळेल, असं कुणाला खरं वाटलं नसतं. झुलेखा म्हणाली, "नको, आपा."

घरी अशरफ म्हणाला, "बंदरावरून एक डबा गोडं पाणी आणतो. ड्रायव्हर ओळखीचा हाय. पाच दिवसांचा तर प्रश्न."

"नको."

"अगं, पोर बरी हाय. उद्या घरी सोडणार."

"म्हणून काय झालं? ज्या बागेपायी पोर मरायला टेकली, ती बाग मला नकोच."

अशरफने तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि सर्टिफिकेट?"

ती भांडी आवरायला उठली. आपण काहीतरी मोठं सोडून देतोय, या भावनेत तिला त्या रात्री थोडं बरं वाटलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरं वाटण्याची.

नुसतं खारं पाणी आणि वायव्येचा वारा. टोमॅटो पहिल्या दिवशी गेले. पडवळ टणक होतं, त्याने दोन दिवस काढले. मग पानं कागदासारखी वाजायला लागली.

सोमवारी लैला शाळेत आली. आईने तिला दोन वेण्या घालून पाठवलं होतं. दप्तर न ठेवताच ती मागे गेली. झुलेखा तिच्या मागोमाग गेली. पोर काथ्याला लोंबणाऱ्या फळाकडे बघत उभी होती. ते सुकून आत ओढलं गेलं होतं.

"टीचर, मी तर बरी झाले."

"हो, बाळ."

"मग ह्याला पाणी का नाही दिलं?"

"तुझ्यासाठीच नाही दिलं. तुला परत तसं होऊ नये म्हणून."

"पण माझं नको होतं तर दुसरं द्यायचं." लैलाने वर पाहिलं. रडत नव्हती. "मला तर कुणी विचारलंच नाही."

घंटा झाली, आणि लैला वर्गात निघून गेली.

मंगळवारी उस्ताद यूसुफ आले. वाफ्यापाशी उकिडवे बसून त्यांनी चिमूटभर माती चुरून पाहिली, जिभेला लावली.

"गोडं पाणी थांबलं."

"हो."

"का?"

तिला सांगता आलं असतं. ते ऐकून घेणारे होते. ती म्हणाली, "नाही मिळालं."

त्यांनी मान हलवली. उठताना म्हणाले, "वेताच्या छपराखाली तुमची जागा असेल. पुढच्या ऑक्टोबरात या. जमीन एका वर्षात कुणाचीच होत नाही."

पुढच्या ऑक्टोबरात आपांनी पुन्हा विचारलं. झुलेखाने सुगराचं नाव सुचवलं. सुगरा नखांच्या रंगासकट गेली, वर्षभर शिकली आणि सर्टिफिकेट घेऊन आली. बाग तिने चांगली केली, हे खोटं नाही. एकसष्टपर्यंत गोडं पाणी मुबलक झालं. मागच्या भिंतीला नळ आला, पोरं नळाखाली एकमेकांवर पाणी उडवत. वरचे वर्ग सुगराकडे गेले. झुलेखा बालवर्गात राहिली. अनट्रेन्ड, शिवणासकट. दुसऱ्या वर्षी आपणच नाव नाकारलं, हे तिने अशरफला सांगितलं नाही. कमिटीने सुगराला धाडलं असंच त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, आणि तो कमिटीला अधूनमधून शिव्या देत असे.

लैला वरच्या वर्गांत गेली. वाचायला लागली, पुढे इंग्रजीत पहिली यायला लागली. व्हरांड्यात भेटली की नीट सलाम करी, आणि थांबत नसे.

कासमने अबू हलीफा गावात मोठं दुकान घातलं त्या वर्षी लैलाला मुंबईला मावशीकडे शिकायला पाठवायचं ठरलं. निघायच्या आधी आमिना तिला घेऊन झुलेखाच्या घरी आली. पोरगी चौदाची झाली होती, आईच्या डोक्यावरून उंच. आमिना स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली, कारण झुलेखाचा पाय मुरगळला होता.

दोघी समोरासमोर उरल्या. झुलेखाने कित्येक वर्षं मनात जुळवलेली वाक्यं होती. ती सगळी विस्कटली आणि साधं तेवढंच बाहेर आलं.

"लैला, तुझी बाटली भरलेली असायची, ते मी बघितलं होतं. तू पीत नाहीस ते मला कळलं होतं. तरी मी गप्प बसले. आणि नंतर पडवळ मारलं ते तुझ्यासाठी नाही, मला माझीच शिक्षा करून घ्यायची होती म्हणून."

लैलाने हातातल्या रुमालाची घडी केली.

"तुम्ही बघितलं होतं ते मला माहीत होतं, टीचर. तुम्ही बूच काढलंत तेव्हा पाणी सांडलं होतं." मग तिने पुन्हा घडी उलगडली. "तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, ते आपल्या दोघींचं ठरलेलं आहे. पडवळ वाचवायचं, असं."

आतून आमिनाने साखर कुठल्या डब्यात आहे म्हणून विचारलं. झुलेखा भिंतीचा आधार घेत उठली आणि डबा दाखवायला आत गेली.