दिगूच्या सेटची उजवी बाजू

दिगू गेल्याचं मला सोमवारी सकाळी कळलं. बायकोने फोन माझ्या डाव्या कानाला लावला, मला नुसतीच कुजबुज ऐकू आली. "या मेल्यांना रेंजच नसते," म्हणून मी चिडलो, फोन उजव्या कानाला घेतला, तर दिगूची मुलगी मानसी रडत होती. "काका, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." अहो, आदल्या दिवशी रविवारी दुपारपर्यंत मी मुलुंडला त्याच्याच सोफ्यावर होतो! निघताना तो म्हणाला होता, "पुढच्या रविवारी लवकर ये रे, नवी रेकॉर्ड मिळालीय." असं सांगून कोणी जातं का? मला आधी त्याचा रागच आला. अजून येतो.

दिगू म्हणजे दिगंबर. भांडुपच्या एका कारखान्यात आम्ही उभी हयात काढली. मी प्रेस शॉपला, तो मेंटेनन्सला. माझ्या डाव्या हाताला मोठी प्रेस, दिवसभर धाडधाड. साहेब सांगायचे, कानात कापूस घाला. आम्ही कसले घालतोय! कॅन्टीनमध्ये दिगू नेहमी माझ्या उजवीकडे बसायचा. मी बुलढाण्याकडचा, तो मालवणचा. तो माझा ठेचा खाऊन डोळे पुसायचा, मी त्याचा सुका बांगडा खाऊन नाक मुरडायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबे बदलायचो.

त्याच्याकडे एक जुना जपानी स्टीरिओ रिसीव्हर होता. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच लाकडी पेटीत, पुढे चंदेरी पत्रा, मोठमोठी गोल बटणं, लावला की हिरवट उजेड. दुबईहून परतलेल्या एका शेजाऱ्याने मोडीत काढलेला हा सेट त्याने उचलून आणला, जिवंत केला, त्याला रेकॉर्ड प्लेअर जोडला, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी मला ऐकायला बोलवायला लागला. त्यानेच मला शिकवलं, दोन्ही स्पीकर सारखे वाजले की गाणारा माणूस मधल्या रिकाम्या भिंतीतून गातोय असं वाटतं. मला तसं काही वाटेना.

"दिगू, ही बाई उजव्या कोपऱ्यात का उभी आहे?"

"कोण बाई?"

"गाणारी रे! मध्ये पाहिजे ना? डावीकडून आवाज कमी येतोय तुझ्या सेटचा."

झालं. त्या दिवसापासून दिगू त्या डाव्या बाजूच्या मागे हात धुऊन लागला. त्याची एक पद्धत होती. आधी खोलायचं नाही, आधी अदलाबदल करायची. डावी वायर उजव्या स्पीकरला, उजवी डाव्याला. कमी आवाजाने जागा बदलली तर दोष सेटमध्ये, नाही बदलली तर स्पीकरमध्ये. मग बटणांत स्प्रे मारून ती फिरव फिरव फिरवायची, आतले कॉन्टॅक्ट कागदाच्या पट्टीने पुसायचे, फुगलेले कपॅसिटर बदलायचे. कित्येक रविवार त्याने असे घालवले. दर वेळी विचारायचा, "आता?" आणि मी सोफ्यावर राजासारखा बसून म्हणायचो, "नाही. कोपऱ्यातच आहे. माझे कान तिखट आहेत बाबा, तुझ्या सेटचीच वाट लागलीय."

एका रविवारी तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "सद्या, उलटा बस बघू. सेटकडे पाठ कर."

"येड लागलं का तुला?"

"गप रव. बस म्हणतो ना."

बसलो. "आता दुसऱ्या स्पीकरमधून कमी येतोय," मी सांगितलं. दिगू मग पाना-पक्कड गोळा करत म्हणाला, "सापडला फॉल्ट. आत आहे. पुढच्या रविवारी करतो."

पुढच्या रविवारी बाई मधोमध! बरोब्बर भिंतीच्या मध्यातून गात होती. मी टाळी देत म्हटलं, "झकास! बघ, मी सांगत नव्हतो?" दिगू हसला. "होय रे बाबा, कान म्हणजे तुझेच." त्यानंतर किती वर्षं आम्ही ती बाई तिथे उभी राहिलेली ऐकली, मोजदाद नाही. मी डोळे मिटून डोलायचो आणि तो माझ्या उजवीकडे बसून चहा भुरकायचा.

तो गेल्यावर रविवार खायला उठला. मी सवयीने आंघोळ करून, शर्ट घालून बसायचो आणि बायको पेपर पुढे सरकवायची. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला, म्हणजे दिगूच्या बायकोचा. "भावोजी, इतक्या दिवसांनी सेट लावला हो. तो वाजला की हे आतल्या खोलीत आहेत असं वाटतं... पण उजवीकडून आवाज येतच नाही नीट. असा अर्धा आवाज ऐकवत नाही मला." मी म्हटलं, काळजी करू नका, दिगूच्या हाताखाली शिकलोय, तुमचा सेट पहिल्यासारखा करून देतो. दिगूचं मी शेवटचं काही करू शकेन तर हेच, असं मनाशी धरून गेलो.

सोफ्यावर बसलो. रेकॉर्ड लागली. बाई मधोमध!

"काय खराब आहे यात? उत्तम वाजतोय!" मी म्हटलं.

"काका, उजवीकडून जेमतेम ऐकू येतंय," मानसी म्हणाली.

"तुम्ही आजकालची पोरं, दिवसभर कानात बोंडं घालून बसता. ऐकू येणार कसं?" मी तापलो. तिने वाद घातला नाही. बापासारखीच आहे. मी वायरींची अदलाबदल केली, तर मला डावी बाजू मेल्यासारखी झाली, आणि त्या दोघी म्हणाल्या, आता डावीकडून कमी. म्हणजे दोष सेटमध्ये. झाकण काढलं. लहानपणापासून बापाला बॅटरी धरून दाखवणाऱ्या मानसीने उजेड आत धरला आणि एका जागी थांबवला.

"काका, हे कंपनीचं काम नाही. हा बाबांचा डाग आहे, त्यांचं सोल्डरिंग असंच गोल यायचं. उजव्या बाजूच्या वायरमध्ये रेझिस्टर टाकलाय. आवाज कमी करायला."

"दिगू कशाला स्वतःच्या सेटचा आवाज कमी करेल? खुळा होता का तो?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावोजी, आत्ता उलगडा होतोय मला... तुम्ही यायच्या आधी दर रविवारी ते हे डाव्या-उजव्या आवाजाच्या बॅलन्सचं बटण मध्ये आणून ठेवायचे. तुम्ही गेलात की पुन्हा उजवीकडे फिरवायचे, मग आम्हाला दोन्हीकडून सारखं यायचं. मी विचारलं तर म्हणायचे, सद्याला सरळ लागतं. त्या रविवारी तुम्ही गेल्यावर जडजड वाटतंय म्हणून आडवे झाले, बटण तसंच राहिलं."

उलटा बस बघू, म्हणाला होता... अदलाबदलच केली होती त्याने. वायरींची नाही, माझी.

मी पोरासारखा रडलो. माझा डावा कान गेलाय हे कॅन्टीनच्या दिवसांपासून त्याला ठाऊक असणार, म्हणून तर सदा उजवीकडे. सरळ सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, आणि पुन्हा त्या सोफ्यावर फिरकलो नसतो. नुसतं बटण फिरवून भागलं असतं, पण ते वाकडं दिसलं असतं की मी विचारणारच. म्हणून त्या बाबाने, जो दुसऱ्याला त्या सेटवरची धूळसुद्धा पुसू द्यायचा नाही, स्वतःचा धडधाकट सेट माझ्या कानाइतका बिघडवला. आणि वर मला म्हणायचा, कान म्हणजे तुझेच! कुठे शोधू रे आता तुला?

"काढू का काका तो?" मानसीने विचारलं.

"काढ. वहिनींना नीट ऐकू दे."

"काही नको," वहिनी म्हणाल्या. "बटण आहे ना. मला येतं फिरवता."

काल रविवार होता. मी गेलो तेव्हा वहिनी ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या, सेटजवळ गेल्या आणि माझ्या देखत ते बटण फिरवून मध्ये आणलं. मी सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलो.

"आली का हो बाई मध्ये?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं. उजवीकडची जागा मी सोडूनच बसलो होतो.